सहा वाजताचे माग आणि एक अंधूक तारा

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी दहा दिवसांसाठी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपाळ्यावर माझ्या शेजारी बसून ती म्हणाली, "पप्पा, एक सौदा करायचाय."

आमच्या घरात हा शब्द माझ्याशिवाय कोणी वापरत नाही. मी पेपर खाली ठेवला.

ती ताऱ्यांवर संशोधन करते. त्यातच डॉक्टर झाली. आता तिला चिलीत, म्हणजे जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथल्या दुर्बिणींवर काम करायला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. मला ते पसंत नव्हतं. बारडोलीच्या बाजूच्या एका कॉलेजात मी तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथे शिकवावं, सुरतेत आम्ही राहतो त्या डिंडोलीहून रोज जाऊन-येऊन करावं, पुढचं पुढे बघू. चिलीला रविवारपर्यंत कळवायचं होतं, आणि त्या दिवशी सोमवार होता.

"मी रोज सकाळी तुम्हाला माझं काम समजावून सांगते," ती म्हणाली. "रविवारपर्यंत तुम्हाला समजलं, तर मला जाऊ द्यायचं. नुसतं जाऊ नाही द्यायचं, खुशीने. नाही समजलं, तर मी कॉलेजात."

"समजलं की नाही हे कोण ठरवणार?"

"तुम्हीच."

तीस वर्षं मी सुरतेच्या मार्केटमध्ये ग्रे कापड विकतो. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, अजून रंग न चढलेलं कापड. या तीस वर्षांत माल मोजायचा काटा समोरच्याच्या हातात देऊन कोणी माझ्याशी सौदा केलेला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण समोर स्वतःची मुलगी होती आणि मी खूश झालो. नुसतं 'नाही समजलं' म्हणायचं होतं.

आतून तिची आई म्हणाली, "यासनासंगे सौदा करस का पोरी? यासनी साखरपुडामा बी घासाघीस करेल शे."

मी भावात खोटं बोलतो, मालात बोलत नाही. बाजारात हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे काय भाव आणि काय माल, हे मात्र मला पहिल्या दिवसापासून नीट कळलं नाही.

त्या पहिल्या सकाळी तिने सांगितलं ते असं. आपण ज्या आकाशगंगेत राहतो ती ताऱ्यांची मोठी वस्ती आहे. तिच्याभोवती काही अगदी खुज्या वस्त्या फिरतात. त्यांना खुज्या दीर्घिका म्हणतात. काहींमध्ये इतके थोडे तारे असतात की दुर्बिणीतूनही वस्ती आहे असं वाटत नाही. समोर आपल्याच आकाशगंगेचे तारे पसरलेले असतात. त्यांतले पुढचे कुठले आणि मागचे, त्या वस्तीतले कुठले, हे वेगळं करता येत नाही.

"मग एवढं मोठं आकाश सोडून असली मरतुकडी वस्ती का घ्यायची?" मी विचारलं. "ताजा माल सोडून चिंध्या?"

"त्या फार जुन्या आहेत, पप्पा. आपली आकाशगंगा अशाच लहान वस्त्या गिळून मोठी झाली. ज्या उरल्या त्यांच्याकडून सुरुवातीचं कळतं."

"म्हणजे मोठ्याने गिळलं आणि आता तुम्ही पंचनामा करणार."

"तसं म्हणा."

मोठ्याने गिळलं हे ऐकलं आणि मला माझा जुना शेठ आठवला. मला तो कशानेही आठवतो. तो आठवला की ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. घरात ती सगळ्यांना पाठ आहे, तरी मी त्या दिवशी पुन्हा सांगितली. इथेही सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

धुळ्याकडून सुरतेला आलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. एका लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, सहा माग चालवायचो. पाळी बारा तासांची, सकाळी सात ते संध्याकाळी सात. माझ्यानंतर त्याच मागांवर रात्रपाळीला एक वयस्कर माणूस यायचा. आम्ही दोघे एकाच खोलीत राहायचो आणि एकाच खाटेवर पाळीपाळीने झोपायचो. त्याला रात्री नीट दिसत नव्हतं. मागावर तार, म्हणजे धागा, तुटली की ती शोधून सांधावी लागते आणि बल्बच्या उजेडात ते त्याला जमायचं नाही. म्हणून मी रोज संध्याकाळी सहा वाजता सगळे माग थांबवून अर्धा-पाऊण तास साफ करायचो, कच्च्या तारा आधीच सांधायचो, तेल घालायचो. त्याच्या हातात माग जाताना रात्रभर तार तुटू नये एवढाच हिशेब. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्याच्या डोळ्यांची बातमी फुटली असती आणि त्याचं काम गेलं असतं.

शेठ रोज सहालाच यायचा. देवळात जायची त्याची ती वेळ होती. गाडीतून उतरायचा, खात्यातून एक फेरी मारायचा, निघून जायचा. रोज त्याला माझे माग बंद दिसायचे. दोन महिने त्याने पाहिलं आणि एके दिवशी माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "तारां मशीन तो रोज बंध ज होय." तुझी यंत्रं तर रोज बंदच असतात. माझ्या मागांवरून कापडाचे किती ताके, म्हणजे तागे, उतरतात ते त्याने पाहिलं नाही. दुपारी तीनला येऊन पाहिलं नाही. सगळ्या कारागिरांसमोर मला आळशी म्हणाला आणि बाहेर काढलं. त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता दुसऱ्याच्या मागावर हात ठेवायचा नाही. मी जो काही झालो तो त्या रागावर झालो. राग अजून तसाच आहे. शेठ केव्हाच गेला, खात्याच्या जागी इमारत झाली, पण राग आहे.

गोष्ट संपली तेव्हा मुलगी म्हणाली, "हो पप्पा." इतकंच.

मंगळवारी ती खऱ्या विषयावर आली. त्या खुज्या वस्तीतला तारा ओळखायचा कसा?

"समजा, मार्केटच्या गर्दीत धुळ्याची चारच माणसं आहेत. तुम्ही कशी शोधाल?"

"बोलण्यावरून."

"तसंच. काही तारे बोलतात. म्हणजे त्यांचं तेज कमी-जास्त होत राहतं. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांतली एक जात आहे, म्हाताऱ्या ताऱ्यांची. तो फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. साधारण अर्ध्या दिवसात एक फेरा. या जातीच्या सगळ्यांचं तेज सरासरी जवळपास सारखं असतं. मग तो इथून किती मंद दिसतो यावरून तो किती लांब आहे ते निघतं. एवढ्या लांब असला एक जरी सापडला, तरी त्या वस्तीचं अंतर हाती येतं."

मला यातलं निम्मं पटलं, पण कुठलं निम्मं ते सांगता येईना.

बुधवारी मला सुरतेबाहेर पलसाण्याला प्रोसेसिंग मिलमध्ये जायचं होतं; एका गिऱ्हाइकाला माल रंगवून हवा होता, त्याचा नमुना पाहायला. ती गाडीत शेजारी बसली. सकाळचं धुकं होतं, त्यात मिलच्या वाफा मिसळलेल्या. हायवेच्या कडेला मिलच्या गेटांवरचे दिवे अजून चालू होते. जवळचे ठसठशीत, लांबचे मिणमिणते.

"हे बघा," ती म्हणाली. "सगळे दिवे सारखेच आहेत असं समजा. मग मंद दिसतो तो लांबचा. बरोबर?"

"सारखे कशावरून?"

"समजा एकाच ठेकेदाराने लावलेत."

"ठेकेदाराने लावले म्हणजे तर सारखे नसणारच."

ती हसली. मी हसलो नाही, कारण मी विनोद केला नव्हता. मी म्हणालो, "आणि हे धुकं? एखाद्या गेटवर वाफ दाट असली तर जवळचा दिवापण मंद दिसेल. तू म्हणशील लांब आहे."

ती माझ्याकडे वळून बसली. "आकाशातही धूळ असते पप्पा. तिचा हिशेब आधी वजा करावा लागतो. हे तुमचं तुम्हाला सुचलं?"

मी एकदम सावध झालो. असे दोन प्रश्न आणखी विचारले असते, तर ती म्हणाली असती की समजलं तुम्हाला. मी पलसाण्यापर्यंत तोंड उघडलं नाही. मिलमध्ये नमुना ट्यूबलाइटखाली एक रंग दाखवत होता आणि दाराबाहेर दुसरा, त्यावरून मी रंगाच्या मास्टरवर नेहमीपेक्षा जास्त ओरडलो.

खरं सांगायचं तर तोंड बंद ठेवायची गरज नव्हती. मला खरोखरच समजत नव्हतं. एक गोष्ट हाती आली की दुसरी सुटायची. गुरुवारी ती म्हणाली, त्या खुज्या वस्तीतल्या ताऱ्यावरून उजेड निघाला तेव्हा माणसाला शेतीसुद्धा येत नव्हती. तो उजेड आत्ता पोहोचतोय.

"म्हणजे तो तारा आत्ता तिथे आहे का?"

"असेल. नक्की सांगता येत नाही."

"मग तू अंतर कशाचं मोजतेस?"

"जिथून उजेड निघाला त्या जागेचं."

"जागा राहिली असेल का तिथे?"

"पप्पा, सगळंच फिरतंय."

त्या दिवशी दुकानात कानपूरचा एक व्यापारी आला. त्याने पहिला भाव सांगितला आणि मी म्हणालो, ठीक आहे. माझा मुनीम लिहायचं थांबून माझ्याकडे पाहत राहिला. व्यापारीपण घाबरला. मालात काही खोट आहे की काय, असं त्याला वाटलं असावं. ताका पुन्हा उलगडून पाहायला लागला. मी विचार करत होतो की उजेड निघतो आणि निघालेली जागा मागे राहत नाही, मग धुळ्याहून निघालेला मी नक्की कुठून निघालो.

शुक्रवारी मी भडकलो. कारण आठवत नाही. तिने काहीतरी आलेख काढला होता, वर-खाली जाणारी रेघ, आणि मी म्हणालो की हे सगळं कोणासाठी? गिऱ्हाईक कोण? ज्या वस्तीत कोणी जाणार नाही, जिथून काही येणार नाही, तिचं अंतर कळून कोणाच्या अंगावर कापड चढणार आहे? आवाज शेजारपर्यंत गेला असणार. शनिवारी ती काही शिकवायला बसलीच नाही. सकाळी आईबरोबर बाजारात गेली. परत आल्यावर दारात चपला काढता काढता म्हणाली, "तुम्हाला समजत नाहीये, की समजून घ्यायचं नाहीये?"

ते मलाच माहीत नव्हतं. सौदा जिंकायच्या आधीच छातीत एक गार वारं शिरतं, मला त्याची सवय आहे. या वेळी ते आलं नाही. ती कॉलेजात शिकवायला जाईल, संध्याकाळी परत येईल, या झोपाळ्यावर बसेल, हे सगळं मला हवं होतं. पण त्यात ती काही बोलत असेल असं चित्र डोळ्यांपुढे येत नव्हतं.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन आली. चेहरा उतरलेला होता. "आज शेवटचं," ती म्हणाली. "याने तुम्हाला काही समजेल असं नाही. पण मला हे कोणाला तरी दाखवायचंय."

पडद्यावर पाच ठिपके होते, एका ओळीत, सारख्याच उंचीवर.

"हा तारा मला त्या खुज्या दीर्घिकेतला वाटतो. रूपविकारी असला तर आमचं काम झालं, त्यावरून तिचं अंतर मिळेल. पण हे बघा, पाचही रात्री तेज सारखंच. गटातले सगळे म्हणतात, हा बदलत नाही, रस्त्यातला साधा तारा आहे, यादीतून काढून टाका."

"पाच रात्री. कितीला पाहिला?"

"साधारण रोज त्याच वेळेला. हा दक्षिणेकडचा तारा आहे. आपल्याकडच्या दुर्बिणीतून क्षितिजाला टेकून थोडाच वेळ वर दिसतो, मग मावळतो. तेवढ्यातच पाहावं लागतं."

"आणि याचा फेरा किती वेळाचा म्हणालीस?"

"या जातीत साधारण अर्ध्या दिवसाचा असतो. बारा तास, थोडं इकडे-तिकडे."

मला आठवतं ते इतकंच की मी उभा राहिलो आणि झोपाळा मागून गुडघ्यावर आदळला.

"बारा तासांचा फेरा आणि तुम्ही रोज त्याच वेळेला जाऊन बघता," मी म्हणालो. "मग तो रोज त्याच जागी सापडणार. चोवीस तासांत त्याचे दोन फेरे पुरे होतात आणि तुम्ही पोहोचता तेव्हा तो पुन्हा तिथेच. अकरा तास तो काय करतो ते कोणी पाहिलं? दुपारी तीनला कोण गेलं होतं बघायला? आणि वर तुम्ही सांगणार की हा हलतच नाही, काढून टाका याला. कोण आहेत हे यादीतून काढणारे? त्यांना म्हणावं, आधी पूर्ण पाळी उभं राहून बघा आणि मग बोला."

"मग काय करायला हवं?" ती हळूच म्हणाली.

"दुसरीकडून बघा. जिथून तो जास्त वेळ वर असतो तिथे जा. वेगवेगळ्या वेळी बघा. रात्र सुरू होताना बघा, संपताना बघा. एवढी साधी गोष्ट तुमच्या शिकलेल्या लोकांना..."

मी थांबलो. पण उशीर झाला होता.

"कुठून दिसतो जास्त वेळ?" मी विचारलं, जरी आता विचारण्यात अर्थ नव्हता.

"चिलीतून."

स्वयंपाकघरात बट्ट्या तळण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मुलीने लॅपटॉप मिटला. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

"समजलं तुम्हाला," ती म्हणाली.

"नाही समजलं."

"पप्पा."

"ठिपके समजले. बाकीचं काही नाही. तो उजेड, ती धूळ, ती म्हाताऱ्यांची जात, काही नाही."

आतून तिच्या आईचा आवाज आला, "समजनं त्यासले. माले बी समजनं. आते जेवाले बठा दोन्ही."

जेवताना मी नुसत्या बट्ट्या मोडत राहिलो. खुशीने जाऊ द्यायचं हे ठरलेलं होतं, आणि खुशी अशी ताटात वाढून घेता येत नाही. तरी हात धुताना मी म्हणालो, "त्यांना कळव आत्ताच. शेवटच्या दिवशी नेट बंद पडतं." ती आत गेली आणि दार लोटून बराच वेळ तिच्या आईशी बोलत राहिली.

आता माझा प्रश्न. ही मुलगी माझी आहे. ती गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली आहे, सहा वाजता शेठ येतो, माग बंद असतात. सोमवारी मी ती पुन्हा सांगितली तेव्हा ती फक्त 'हो पप्पा' म्हणाली. ते पाच ठिपके तिने रविवारसाठीच राखून ठेवले होते का? दिवे, धूळ, धुळ्याची चार माणसं, हे सगळं नुसतं वेळ काढायला होतं आणि खरा माल तिने शेवटी बाहेर काढला? मीही तसंच करतो. गिऱ्हाइकाला आधी नको ते तीन ताके दाखवतो. की खरंच तिचा चेहरा उतरला होता, खरंच त्या ताऱ्याचं तिला वाईट वाटत होतं आणि बाकीचा योगायोग? चिलीला जायच्या दिवशी विमानतळावर मी विचारलं, "ते ठिपके तू मुद्दाम दाखवलेस का?" ती म्हणाली, "कुठले ठिपके?" आणि आईच्या गळ्यात पडली. समोरच्याच्या डोळ्यांवरून मी भाव ओळखतो. तिच्या डोळ्यांत मला काहीही वाचता आलं नाही.

दुसरा घोळ शेठचा. ती गेल्यापासून तो मला वेगळाच आठवायला लागला आहे. गाडीतून उतरणारा, हातात पूजेची पिशवी, दमलेला. त्याने जे पाहिलं ते खोटं नव्हतं. माग रोज बंदच होते. तारा काही सांगत नाही, तसं मीही त्याला काही सांगितलं नव्हतं. मग मी इतकी वर्षं रागावलो कोणावर? पण असं मनात आलं की दुसरं मन लगेच भांडायला उठतं. तारा तर वर येतोच तेवढा वेळ, बघणाऱ्याचा इलाज नसतो. शेठला बारा तास मोकळे होते. खातं त्याचं, गाडी त्याची. तीनला यायला त्याला कोणी अडवलं होतं? हा मुद्दा मला अजून कोणी खोडून दाखवलेला नाही. तरीही राग पूर्वीसारखा भरत नाही. मी तो भरायला जातो आणि मधेच मला क्षितिजाला टेकलेला एक तारा दिसतो, जो मी कधी पाहिलेला नाही.

मागच्या आठवड्यात, इथे दुपार असताना, तिचा फोन आला. तिथे सकाळ होती.

"पप्पा, तो बदलतो."

"कोण?"

"तारा. सात वेगवेगळ्या वेळी पाहिला. खाली जातो, भरकन वर येतो, पुन्हा हळूहळू उतरतो."

"मी सांगितलंच होतं."

"तुम्ही म्हणाला होता, नाही समजलं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. मी आवाज खाली आणला. "मग तो त्या खुज्या वस्तीतलाच?"

"अजून नक्की नाही. अंतर जुळतंय. पण असाच एखादा एकटा भटकत तिकडे गेलेलाही असू शकतो. अजून एक सापडायला हवा."

"एकावर सौदा करू नकोस."

"नाही करत."

तिने चित्र पाठवलं. ठिपके आहेत, त्यांतून जाणारी रेघ आहे. मी मोबाइल आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. तेज वाढतं तेव्हा रेघ वर जाते की खाली, हे तिने एकदा सांगितलं होतं. त्यांच्यात आकडा जितका मोठा तितका तारा मंद, असं काहीतरी उलटं असतं. गिऱ्हाइकं ताटकळली होती. मुनीम म्हणाला, "काका, भाव?" मी त्याला थांब म्हणालो. सात ठिपक्यांतला कुठला सहा वाजताचा, ते मला शोधायचं होतं.